फळीवरचा बर्फ

मिलिंदनं मला शेवटचे दोन प्रश्न विचारले, ते म्युनिकच्या एका हॉस्पिटलात. चौथ्या मजल्यावरची खोली, खिडकीबाहेर जानेवारीचं मळकट आभाळ, आणि पलंगावर हा, चाळिशीही न गाठलेला माणूस, चादरीखाली आहे की नाही असं वाटावं इतका उरलेला. डोळे मिटूनच तो म्हणाला, "आज किती?" पाच हिवाळे रोज सकाळी त्यानं मला हेच विचारलं होतं, आधी फोनवर, मग एसएमएसवर. मी म्हणालो, "शून्य." मग तो म्हणाला, "बघितलंस ना?" मी हो म्हणालो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोचा, वैशालीचा, फोन आला. ती रडत नव्हती. "दादा, गेले ते," एवढं म्हणाली आणि लगेच, "सुजाता शाळेत आहे. तिला आणायला तुम्ही जाल का?" मी गेलो. सात वर्षांची पोर फाटकातून धावत बाहेर आली, आईऐवजी मला उभं पाहिलं, आणि धावायची थांबून चालायला लागली. 

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. मृत्युलेख लिहिणाऱ्यांना माणूस गेल्यावर त्याचे गुण आठवतात. मला मिलिंदचे गुण आठवतातच, पण मी लिहायला बसलोय ते माझी एक गोष्ट सांगायची राहून गेली म्हणून. ज्याला सांगायची होती तो आता ऐकणार नाही. मग पुरवणीच्या वाचकांनी ऐकावी, दुसरं काय...

आमची ओळख दोन हजार तीनच्या शरदातली. एस-बानच्या स्टेशनवर तिकिटाचं मशीन माझी नोट पुन्हा पुन्हा बाहेर फेकत होतं आणि मी त्याला अस्सल पुणेरीत शिव्या घालत होतो. मागून आवाज आला, "त्याला मराठी समजत नाही. नोट उलटी घाला." वळून पाहिलं तर एक उंच, काळासावळा, जाड चष्म्याचा माणूस, कानटोपी पार भुवयांपर्यंत ओढलेली. अकोल्याचा, इथल्या एका संस्थेत डॉक्टरेट करत होता. मी आपला गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहिणारा. विषय विचारला तर म्हणाला, "बर्फ मोजतो." मी हसलो. अकोल्याचा माणूस बर्फ मोजतो? तो अजिबात न हसता म्हणाला, "आमच्याकडे ऊन मोजायची गरज नाही पडत. असतेच." त्या दिवसापासून तो मला 'पुणेकर' म्हणायला लागला. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, पण अहो-जाहोचा प्रकार आमच्यात आठवडाभरसुद्धा टिकला नाही.

त्याचं काम ऐकायला सोपं होतं. कुठल्या भागात वर्षाला किती बर्फ पडतो, आणि तो पूर्वीइतकाच पडतो की कमी, हे शोधायचं. आल्प्सचा पायथा, ब्लॅक फॉरेस्ट, वरचा हार्झ आणि चेक सीमेला लागून असलेलं बवेरियन फॉरेस्ट, असे चार भाग त्यानं घेतले होते. यातली निम्मी मोजमापं यंत्रांची नव्हेतच, माणसांची. खेड्याखेड्यांत कुणी निवृत्त मास्तर, कुणी पाद्री, कुणी जंगलखात्यातला माणूस वर्षानुवर्षं हौसेनं मोजत आलेला. पद्धत ठरलेली. अंगणात पांढरी रंगवलेली एक लाकडी फळी ठेवायची. सकाळी सात वाजता जायचं, फळीवर पडलेला ताजा बर्फ पट्टीनं मोजायचा, आकडा लिहायचा, कुंच्यानं फळी साफ करायची आणि बर्फावर परत अलगद मांडून ठेवायची. दिवसातून एकदाच. ह्या 'एकदाच'वर मिलिंदचा फार जोर. मी विचारलं, दोनदा मोजला तर काय बिघडलं, बर्फ तर तेवढाच. तर म्हणाला, "कापूस गाडीत भरला अन् रात्रभर राहू दिला, तर सकाळी दबलेला असते का नाही? तसाच बर्फ. पडल्या पडल्या मोजला तर जास्त भरते, दिवसभरानं मोजला तर कमी. दर थोड्या वेळानं मोजून बेरीज केली, तर न पडलेला बर्फही वहीत पडते."

मी शहराच्या टोकाला, एस-बान जिथं संपते तिथं, तळमजल्यावर एकटा राहतो. मागे वीतभर बाग आहे. मिलिंदनं ती घरी पहिल्यांदा आला तेव्हाच पाहिली आणि पुढच्या रविवारी बगलेत फळी घेऊन हजर झाला. त्याच्या मते बाग मोकळी होती, वारा बेताचा होता आणि मालक रिकामटेकडा होता. म्हाताऱ्या लोकांचे आकडे ताडून बघायला त्याला एक अशी वही हवी होती, जिथं नियम तंतोतंत पाळलेला आहे हे त्याला स्वतःला माहीत असेल. "तुझी वही म्हणजे माझा गज," तो म्हणाला. मी म्हटलं, "गज पुण्याचा आहे, वाकडाच निघेल." तेव्हा मात्र तो हसला.

पहिला हिवाळा मी इमानेइतबारे केला. सात वाजता गजर, पायजम्यावर कोट, हातात पट्टी. शेजारच्या बाई खिडकीतून बघून मान हलवायच्या. सव्वासातला मिलिंदचा फोन, "आज किती?" मी "तीन" म्हटलं की तो पलीकडे लिहून घेताना स्वतःशीच "गेनाऊ, गेनाऊ" करायचा, जणू मी काही बरोबर उत्तर दिलं होतं. मग फोनवरून एसएमएसवर आलो. दुसऱ्या हिवाळ्यात मला स्टुटगार्टचं काम लागलं... आणि इथून माझी गोष्ट सुरू होते. कधी झोप लागायची, तेव्हा साडेनऊला उठून खिडकीतूनच अंदाज लिहायचो. कधी आदल्या रात्री पेपरातला अंदाज वाचलेला असायचा, तोच लिहून टाकायचो. एका आठवड्यात तर मी सोमवार ते गुरुवार स्टुटगार्टलाच होतो. तिथल्या हॉटेलातून मी रोज सकाळी आकडा पाठवला आणि शुक्रवारी घरी आल्यावर वहीत चार ओळी एकदम भरल्या, चार, दोन, शून्य, सहा. वेगवेगळ्या पेनांनी भरल्या, म्हणजे बघा. मला त्यात काही मोठं वाटलं नाही. चार सेंटिमीटरनं कुणाचं काय अडतंय, असं मी स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काहीही सांगतो.

मिलिंदकडे जायचो तेव्हा त्यांच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसायची. फडताळावर बुद्धाची लहान मूर्ती, तिच्याखाली पुठ्ठ्याच्या खोक्यांची भिंत, खोक्यांत ह्या म्हाताऱ्यांची कार्डं. वैशाली ठेचा नि भाकरी करायची, सुजाता टेबलाखाली बसून मराठीत विचारलेल्याला जर्मनमध्ये उत्तरं द्यायची. भिंतीवर त्यानं चार रेघांचा एक मोठा आलेख लावला होता. तीन भागांच्या रेघा हळूहळू खाली येत होत्या. चौथी, बवेरियन फॉरेस्टमधल्या एका गावाची, शेवटची बारा वर्षं सरळ चालली होती. ती रेघ मिलिंदचा जीव की प्राण. प्रबंधाचं मोठं प्रकरण तिच्यावर उभं होतं, प्रोफेसर खूश होते, पण त्याला आनंद वेगळाच होता. सुजाताला मांडीवर घेऊन तो त्या रेघेवर बोट फिरवायचा. "इथं कमी नाही झाला. एक तरी गाव आहे. तू म्हातारी झाली ना, तरी इथं असेल." ती म्हणायची, "जा, पापा," आणि उतरून जायची.

दोन हजार सहाच्या सुरुवातीला बवेरियात बर्फ असा पडला की छपरं धोक्यात आली. मिलिंदला ते गाव आणि तिथले मोजणारे आजोबा, हेर म्हणजे श्रीयुत लांगर, प्रत्यक्ष बघायचे होते. माझ्याकडे गाडी होती, मी घेऊन गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच भिंती. लांगर म्हणजे गावातल्या शाळेचे निवृत्त मास्तर, ऐंशीला आलेले, ताठ, गळ्याशी बटणं लावलेले. आम्ही येणार म्हणून त्यांनी सूप आणि बटाट्याचे गोळे केले होते, टेबलावर इस्त्रीचा कपडा होता. मिलिंद त्यांच्या वह्या हातात घेऊन लहान पोरासारखा पानं उलटत होता. बाराला चर्चची घंटा झाली. म्हाताऱ्यानं चमचा खाली ठेवला, "मोमेंट," म्हणाले, बूट चढवले, आणि पट्टी घेऊन बागेत गेले. खिडकीतून आम्हाला दिसत होतं. त्यांनी फळीवरचा बर्फ मोजला, फळी साफ केली, पुन्हा मांडली.

मिलिंदच्या हातातली वही तशीच राहिली. ते परत आल्यावर त्यानं इतक्या हळू आवाजात विचारलं की मला वाईट वाटलं. "दुपारीही मोजता का तुम्ही?" लांगर म्हणाले, "सात, बारा आणि पाच. पूर्वी सकाळीच मोजायचो, शाळा असायची. पण हिल्डे गेली तेव्हापासून तीनदा. नाहीतर माणूस दिवसभर बाहेरच पडत नाही." मिलिंद म्हणाला, "आणि तिन्हींची बेरीज लिहिता?" म्हातारे अभिमानानं म्हणाले, "अर्थात. सगळा लिहितो, वाया नाही घालवत." हिल्डे म्हणजे त्यांची बायको, भिंतीवर फोटो होता. मिलिंदनं फोटोकडे पाहत विचारलं, "किती वर्षं झाली?" मला उत्तर आधीच कळलं होतं. बारा.

परतताना आउटोबान, म्हणजे इथला हायवे, लागला. तेव्हा तो म्हणाला, "ती रेघ सरळ नाहीये. तीही खालीच येतेय. म्हाताऱ्यानं एकटेपणापायी ती वर धरून ठेवली, बस." मी गाडी चालवत होतो आणि मला त्याची दया आली, म्हणून मी जे कुणीही शहाणा माणूस सांगेल ते सांगितलं. म्हटलं, अरे, तू आज बाराला तिथं नसतास तर? प्रोफेसर थोडेच सूप प्यायला जाणार आहेत. तुझा फेरट्राग, नोकरीचा करार, वर्षभरात संपतोय, प्रबंध दे, डॉक्टर हो, मग काय ते कबूल कर. तो म्हणाला, "तू चुकलास तर ती चूक असते, पुणेकर. मी चुकलो तर लोक म्हणतात, बघा, आम्हाला वाटलंच होतं. इथपर्यंत मी एकही आकडा कुणाच्या उपकाराचा घेतला नाही, आता घेऊ?" मी गाडीचा वेग वाढवला. थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "तुझी वही आहे अजून. ती तरी एकदाच मोजलेली आहे."

तेव्हा सांगायला हवं होतं. शंभर किलोमीटरचा रस्ता होता, गाडीत आम्ही दोघंच. मी रेडिओ लावला.

त्यानं प्रोफेसरांना जाऊन सांगितलं. ते भले गृहस्थ, त्यांनी त्याची पाठ थोपटली आणि प्रकरण काढायला लावलं. ते काढल्यावर प्रबंध मधली भिंत पाडलेल्या घरासारखा झाला, सगळं नव्यानं उभं करायला हवं होतं, आणि वेळ नव्हता. फेरट्राग पुढे वाढला नाही. मोठ्या जिद्दीनं तो घरी बसून लिहीत राहिला, आणि व्हिसा टिकावा म्हणून पहाटे सोसायट्यांच्या फुटपाथवरचा बर्फ काढणाऱ्या एका कंपनीत लागला. नेमका तो हिवाळा असा आला की बर्फच पडेना. चार माणसं फावडी घेऊन गाडीत बसून असायची. "आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पडावा म्हणून वाट बघतोय," तो म्हणाला, "अन् मोजायला नव्हे, उचलायला." ह्यावर हसायचं की नाही हे मला कळलं नाही. तरी सकाळी सव्वासातला एसएमएस यायचाच. आज किती? शून्य, शून्य, शून्य. त्या हिवाळ्यात खोटं लिहायचीही गरज पडली नाही, खिडकीतून हिरवं गवत दिसायचं.

लांगरना मात्र त्यानं काहीच सांगितलं नाही. महिन्याच्या महिन्याला त्यांचं कार्ड यायचं, संस्थेतून ते ह्याच्या घरी पाठवलं जायचं, आणि हा प्रत्येक कार्डाला आभाराचं पत्र लिहायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, ज्या आकड्यांनी तुला बुडवलं त्यांचे आभार कसले मानतोस? त्यांना सरळ सांग, आता मोजू नका." त्यानं चष्मा पुसला. "मोजू नका म्हटलं, तर बाराला ते कशासाठी बाहेर जातील? आल्झो, असं बघ, माझं तर गेलंच. त्यांचं कशाला घालवू?" ती कार्डं तो वेगळ्या खोक्यात ठेवायचा, त्यांचा उपयोग करायचा नाही, आणि फेकायचाही नाही.

गेल्या शरदात त्याला धाप लागायला लागली, रक्ताचा कर्करोग निघाला. मी हॉस्पिटलात दर शनिवारी जायचो. प्रत्येक वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं, वहीतले निम्मे आकडे मी झोपेत नाहीतर स्टुटगार्टात बसून लिहिलेत, ती वही प्रबंधातून काढून टाक. प्रत्येक वेळी तो आधी बोलायचा. प्रकरण पाचवं झालंय, सहावं उन्हाळ्यापर्यंत होईल. त्याला उन्हाळा नाही हे वैशालीला माहीत होतं, मला माहीत होतं, त्यालाही असावं. अशा माणसाच्या हातातला शेवटचा गजही काढून घ्यायचा का, असं मी स्वतःला विचारायचो आणि मोठ्या मनानं गप्प बसायचो. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची, बाकी काही नाही. आणि शेवटच्या भेटीत त्यानं "बघितलंस ना?" विचारलं, तेव्हा मी त्या सकाळी फळीजवळ गेलेलोच नव्हतो. पाऊस पडत होता, शून्य असणार हे कुणालाही कळलं असतं.

अंत्यविधीला आम्ही पंधरा-वीस जण असू. वैशालीनं त्रिसरण म्हटलं, दोघातिघांनी तिच्या मागून म्हटलं, मला शब्द येत नव्हते. महिनाभरानं ती सुजाताला घेऊन अकोल्याला कायमची निघाली. आदल्या दिवशी तिनं मला बोलावलं. खोकी संस्थेनं नेली होती, भिंत रिकामी होती, आलेखाच्या जागी चार खिळे. तिनं मला प्रबंधाचा खर्डा दिला. "संस्थेला प्रत दिलीय, पण ते काही करतील असं वाटत नाही. ही तुम्ही ठेवा. ह्याच्यात तुमचंही काम आहे ना." सुजातानं आतून मिलिंदची स्वतःची फळी आणली, संस्थेच्या अंगणात असायची ती, आणि माझ्या पायाशी ठेवली. "दास इस्ट येत्स्ट दाइन्स," म्हणाली. हे आता तुझं.

खर्डा मी दोन आठवडे उघडला नाही. उघडला तो माझं नाव बघायला, हेही कबूल करतो. शेवटी मोजणाऱ्यांची यादी आहे, तीत मी आहे, आभारांतही आहे. पण तक्त्यात माझ्या वहीचा रकाना पहिल्यापासून शेवटपर्यंत पेन्सिलीनं आडवा खोडलेला होता. पट्टी लावून, नीट. पहिल्या हिवाळ्याचासुद्धा, जो खरा होता. कडेला त्याच्या बारीक मराठी अक्षरात लिहिलं होतं, 'ह्या आठवड्यात हा स्टुटगार्टला होता, फोनवर स्वतःच बोलला.' दोन ओळी खाली, 'ह्या दिवशी मी त्याच्याकडून सकाळी सातला निघालो. पाऊस होता. लिहिलेत पाच.' मी पानं उलटत गेलो. सात-आठ ठिकाणी अशा नोंदी होत्या, कुठंही राग नाही, उद्गारचिन्ह नाही. आणि सगळ्यांच्या खाली, जरा दाबून लिहिलेलं, 'विचारायचं नाही.'

तारीख नव्हती. म्हणजे त्या दिवशी गाडीत, "ती तरी एकदाच मोजलेली आहे" म्हणाला, तेव्हा त्याला माहीत होतं की नंतर कळलं, हे मला कधीच समजणार नाही. कधीही कळलेलं असो, त्यानंतरही सव्वासातला त्यानं रोज विचारलं, आणि मी पाठवलेला प्रत्येक आकडा लिहून घेतला. लांगरांची कार्डं घ्यायचा, तसाच. मी त्याला सांभाळून घेतोय अशा समजुतीत शनिवारचा हॉस्पिटलात जात होतो, आणि तो पलंगावर पडल्या पडल्या मला सांभाळत होता, बाराला बाहेर जाणाऱ्या एका एकट्या म्हाताऱ्याला सांभाळावं तसा. माझी वही मी पुन्हा काढून पाहिली. निदान खरे आकडे तरी खुणा करून संस्थेला कळवावेत, असं वाटलं होतं. पण स्टुटगार्टचा तो एक आठवडा सोडला तर कुठले बघून लिहिले आणि कुठले न बघता, हे आता मलाही सांगता येत नाही. अक्षर सगळ्यांचं सारखंच आहे.

फेब्रुवारीचं लांगरांचं कार्ड परवा फिरत फिरत माझ्याकडे आलं, मिलिंदच्या नावानं. तो गेल्याचं त्यांना कुणी कळवलेलं नाही. मी पत्र लिहायला घेतलं, दोनदा फाडलं. शेवटी 'कार्ड मिळालं, आभारी आहोत' एवढंच लिहून पाठवून दिलं.

मिलिंदची फळी मी बागेत माझ्या फळीशेजारी ठेवली आहे. रोज सात वाजता, पायजम्यावर कोट घालून, मी पट्टी घेऊन जातो, आता एकही दिवस चुकत नाही. आज सकाळीही गेलो. दोन्ही फळ्या ओल्या होत्या, गवत वाढलंय. वाकून दोन्हींवर हात फिरवला, खरोखर काही नाही ना बघितलं, आणि आत येऊन शून्य लिहिलं. सव्वासात वाजेपर्यंत फोन हातात धरून बसलो होतो, मग ऑफिसला गेलो.